सिनेमा उतरेपर्यंत

माझे धाकटे दीर बुटांच्या दुकानात काम करतात, आणि त्यांच्याइतका गोड बोलणारा हट्टी माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्यावर चिडलेली दिसले तर कुणाला नवल वाटायला नको. मी या घरात आले तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं. आता कानांवरचे केस पांढरे झाले, तरी मागच्या खोलीतली त्यांची खाट एकेरीच आहे. घरातल्या सगळ्यांचे बूट ते चकचकीत ठेवतात, माझ्या शिलाई मशीनला तेल घालतात, भाजीत मीठ कमी पडलं तर चकार शब्द काढत नाहीत. असा माणूस जन्मभर एकटा राहावा, ही गोष्ट मला कायम खुपत आली.

त्यांचं दुकान मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर, सिनेमाच्या बाहेर पडायच्या दारासमोर. सिनेमाला जाताना लिफ्ट तुम्हाला थेट तिकीटखिडकीशी नेऊन सोडते, पण परत येताना ती लिफ्ट मिळत नाही. दुसऱ्या दाराने बाहेर पडायचं, लांबलचक गालिचा तुडवायचा, आणि बूट, घड्याळं, अत्तरं, पडदे, खेळणी असं सगळं ओलांडत सरकत्या जिन्याने एकेक मजला खाली उतरायचं. ही वाट ज्याने आखली त्याला माणसाची नस बरोबर सापडली होती. सिनेमा पाहून आलेला माणूस पुरता जागा नसतो. त्याचे डोळे उजेडाला सरावलेले नसतात, कानात गाणं चालूच असतं, आणि खिशातलं पाकीट आपलं आहे की पडद्यावरच्या त्या देखण्या माणसाचं, हेही त्याला नक्की ठाऊक नसतं.

मी शिवणकाम करते. त्याच मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानांतल्या पँटी आखूड करायला आणि कोट आत घ्यायला माझ्याकडे येतात. नेण्या-आणण्याच्या निमित्ताने मी तिथे जाते आणि भाऊजींच्या दुकानात स्टुलावर टेकते. खेळ सुटला की समोरच्या दाराची दोन्ही पाखं उघडतात, आतून गार हवेचा झोत येतो आणि माणसं बाहेर येऊ लागतात, पाण्यातून चालल्यासारखी. कुणी बोलत नाही. एखादी बाई मैत्रिणीचा हात धरून तशीच उभी राहते, एखादा माणूस हातातली रिकामी पिशवी चाचपत राहतो. मला तो क्षण फार आवडतो. तेवढ्या वेळात कुणी कुणाचा नवरा नसतो आणि कुणी कुणाची सासू नसते.

मग खरेदी सुरू होते. लढाईचा सिनेमा असला की पुरुष घोट्यापर्यंतचे जाडजूड बूट मागतात. ज्यांना खुर्चीतून उठून पंख्याचं बटण दाबायचा कंटाळा, ते विचारतात, "डोंगरावर टिकतील ना?" प्रेमाचा सिनेमा असला की बायका उंच टाचा घालून आरशासमोर उभ्या राहतात आणि आरशात स्वतःला सोडून तिसऱ्याच कुणाला तरी बघतात. सिनेमात आई मेली असेल तर म्हाताऱ्या माणसांच्या मऊ सपाता हातोहात खपतात. पोट धरून हसलेलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. आणि सिनेमा भिकार निघाला तर लोक भाऊजींवर खेकसतात, जणू गोष्ट यांनीच लिहिली होती. दुकानाच्या मालकीणबाई समोर कोणता सिनेमा लागणार हे आधी विचारून येतात आणि त्याप्रमाणे काचेतली मांडणी बदलतात. "देवानंतर थिएटरवाला," असं त्या म्हणतात, आणि हसत नाहीत.

भाऊजींची रीत मात्र जगावेगळी. सिनेमातून आलेल्या गिऱ्हाइकाचं ते लगेच बिल करत नाहीत. नवे बूट पायात चढवतात आणि म्हणतात, "असेच खालपर्यंत एक चक्कर मारून या. आल्यावर ठरवा."

"आणि पळून गेले तर?" मी एकदा विचारलं.

"जुने बूट इथेच असतात की त्यांचे. पायाला सरावलेला जोड टाकून कुणी पळत नाही, वहिनी."

चक्कर मारता मारता म्हणे सिनेमा उतरतो, ताप उतरावा तसा. जाताना छाती काढून गेलेला माणूस येताना खांदे पाडून, आपल्या रोजच्या चालीने येतो. त्या चालीला जे सोसतील ते बूट खरे. निम्मी माणसं बूट काढून ठेवतात आणि थोडी शरमून निघून जातात. मालकीणबाई सुरुवातीला तणतणल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्या दुकानातून गेलेला माल परत म्हणून येत नाही, आणि त्या गप्प बसल्या.

ही रीत आली कुठून, ते आम्हा घरच्यांनाच ठाऊक आहे. तरुणपणी भाऊजींचं एका मुलीवर मन बसलं होतं. दोघं सिनेमाला गेली. बाहेर पडताना थिएटरच्या पायऱ्यांवर तिने यांचा हात धरला आणि लग्नाला 'हो' म्हणाली. त्या दिवशी भाऊजी घरी आले तेव्हा त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी आमच्या दारात उभी. "काल सिनेमाच्या भरात बोलून गेले हो. मनावर घेऊ नका," म्हणाली. बस, एवढंच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्या भाऊजींनी ताक फुंकलं, निवायला ठेवलं आणि ते तिथून उठूनच गेले. सिनेमा बघणं त्यांनी सोडलं, आणि सिनेमा बघून आलेल्याच्या शब्दावर विश्वास ठेवणंही सोडलं. आणि थट्टा अशी की पुढे नोकरी मिळाली ती नेमकी थिएटरच्या तोंडाशी.

मग त्यांच्या आयुष्यात निळ्या पर्सवाली आली. हे नाव मी ठेवलेलं. भाऊजी तिला नुसतं "त्या बाई" म्हणायचे, पण म्हणताना आवाज जरा खाली यायचा. ती आठवड्यातून एकदा, सकाळच्या खेळाला येई. पन्नाशीकडे झुकलेली, भरल्या अंगाची. सगळी गर्दी पांगली, दाराची पाखं मिटायला आली, की सर्वांत शेवटी ती बाहेर यायची. डोळे अर्धवट मिटलेले, केस एका बाजूने चपटे, आणि खाली गालिचा आहे की ढग याची खात्री नसल्यासारखं जपून टाकलेलं पाऊल. सरळ दुकानात येऊन खुर्चीत बसायची आणि बसल्या बसल्या तिला स्वतःचंच हसू यायचं. भाऊजी तिचे सुजलेले पाय पुढ्यात घेऊन एकेक जोड चढवायचे. ती घ्यायची काहीच नाही. हेही तिला काही विकायचे नाहीत.

"वहिनी, सिनेमात इतकं बुडालेलं माणूस मी पाहिलं नाही," ते मला घरी सांगायचे. "परवा रडका सिनेमा होता. त्या बाईंचे डोळे लालभडक. त्याच्या आधी भुताचा होता, तेव्हा चेहरा कसा पांढराफटक पडला होता. आणि तिथल्या लाह्यांचा तो खरपूस वास त्यांच्या कपड्यांत असा काही मुरलेला असतो..."

भाऊजींनी एका बाईच्या कपड्यांच्या वासाबद्दल बोलावं! मी हातातली सुई खाली ठेवली.

त्यानंतर मी माझी ने-आण नेमकी त्याच दिवशी ठेवायला लागले. बघते तर काय, दोघांचं बोलणं अगदी साधं. घरातला नळ गळतो. हरवलेलं मांजर परत आलं. तिच्या घराखाली सुतारखाना आहे, तिथे दिवसभर करवत चालते. पण बोलायची ती दोघं अशा आवाजात, जणू शेजारच्या खोलीत बाळ निजलंय. बाहेर गर्दी वाहत असायची, आणि ही दोघं बुटांच्या खोक्यांच्या भिंतीआड आपल्याच तंद्रीत. माझ्या अंगावर काटा यायचा. या माणसाच्या बाजूला कुणीतरी बसावं, म्हणून मी किती वर्षं देवाला साकडं घातलं होतं!

"विचारा की तिला," मी म्हटलं.

"कसं विचारू? त्या माझ्याशी बोलतात ते सिनेमाच्या गुंगीत. एकदा, फक्त एकदा त्या सिनेमा न बघता दुकानात आल्या ना, तर त्याच दिवशी विचारेन."

"आणि नाही आली तर?"

"तर मी काय समजायचं ते समजेन."

पालथ्या घड्यावर पाणी! ती सिनेमाशिवाय कधीच आली नाही, आणि यांनी तोंड उघडलं नाही. असे महिनेच्या महिने गेले.

शेवटी तिनेच विचारलं. मी त्या दिवशी पँटींचं गाठोडं मांडीवर घेऊन स्टुलावर होते. समोर विनोदी सिनेमा लागला होता. माणसं डोळे पुसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत बाहेर येत होती. ती शेवटी आली, आणि त्या दिवशी हसली नाही. भाऊजींनी एक तपकिरी जोड चढवला. तिने पायांकडे पाहिलंच नाही.

"मी एकटी असते," ती म्हणाली. "कामावरून घरी गेले की कुलूप मीच काढायचं, चहा मीच टाकायचा. तुम्ही घरी असता, तर मला बरं वाटलं असतं. म्हणजे नेहमीसाठी म्हणतेय मी."

माझ्या मांडीवरचं गाठोडं घसरलं. भाऊजी तिच्या पायांशी गुडघ्यावर बसलेले, हातात बूट चढवायचं शूहॉर्न. त्यांचा चेहरा आधी उजळला, अगदी माझ्या डोळ्यांदेखत उजळला. आणि मग, दिव्याचं बटण कुणी बंद करावं तसा विझला.

"तुम्ही उद्या या," ते म्हणाले. "सिनेमा न बघता या. तेव्हाही असंच वाटलं, तर बोलू."

 तिने तपकिरी बूट काढले, एकमेकांशेजारी नीट ठेवले आणि आपले घातले. "बरं," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

"बघितलंत, वहिनी?" भाऊजी ताटावर बसून म्हणाले. "उतरला सिनेमा."

हे त्यांनी इतक्या शांतपणे म्हटलं की मला हातातलं भांडं आपटावंसं वाटलं, आणि मी ते आपटलं. पण त्यांच्यावर परिणाम शून्य. जेवण निम्म्यावर आलं. आमच्या घरातल्या बुटांवर पहिल्यांदाच धूळ दिसू लागली. तोंडाने काय वाटेल ते म्हणोत, संध्याकाळी खिडकीत बसलेला तो माणूस मला बघवत नव्हता.

मला तिचं नाव माहीत नव्हतं, पत्ता माहीत नव्हता. माहीत होता तो फक्त खेळ. म्हणून मी एक दिवस सकाळचं तिकीट काढलं आणि आत गेले.

तिथे एकच मोठं थिएटर आहे. आत काळोख असा मऊ, की हाताने बाजूला सारून पुढे जावं. मोजकी माणसं इकडेतिकडे विखुरलेली. पडद्यावर समुद्र होता, निळाशार, भिंतीएवढ्या लाटा, आणि त्यांचा उजेड खुर्च्यांवरून हळूहळू वाहत मागे जात होता. त्या उजेडाच्या मागे मागे मी वर चढले. सर्वांत शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात, ती होती. पायांतले बूट काढून ठेवलेले, निळी पर्स गालाखाली घेतलेली, आणि गाढ झोपलेली.

मी तिच्या शेजारी बसले. पडद्यावर तोफा धडाडत होत्या, जहाजं फुटत होती, बुडणारी माणसं बायकांची नावं घेऊन ओरडत होती, आणि ती संथ श्वास घेत होती. निळं पाणी तिच्या कपाळावरून जात होतं, येत होतं. मला वाटलं, हा एवढा अंधार कुणीतरी तिच्याचसाठी करून ठेवलाय. मी जरा वाकले. लाह्या कुठल्या, तो ताज्या पावाचा वास होता! जन्मभर चुलीपुढे उभी राहिलेली बाई मी. तेवढं मला अंधारातही कळतं. आमच्या भाऊजींना नाकही धड नाही, हे तेव्हा उमगलं. मग मीही मागे टेकले. मला डुलकी लागली की काय देव जाणे, कारण मधलं एक जहाज कुठे गेलं ते मला अजून समजलेलं नाही.

दिवे लागले. तिकिटं फाडणारा म्हातारा पायऱ्या चढून आला, तिच्या खुर्चीची पाठ हलक्या हाताने थोपटली आणि म्हणाला, "बाई, उठा. संपला खेळ." मला म्हणाला, "नेहमीचं आहे. शेवटी उठवतो मी यांना. गर्दीत धक्के नकोत."

तिने डोळे उघडले, मला पाहिलं आणि घाईघाईने बूट शोधू लागली. "तुम्ही त्यांच्या वहिनी ना?"

"हो. कसा होता सिनेमा?"

"कुठला होता?" तिने विचारलं.

मी हसायला लागले ते मला थांबताच येईना. मग तिने सांगितलं. ती बेकरीत रात्रपाळी करते, रात्रभर भट्टीपुढे उभी. दिवसा झोपावं तर खाली करवत. रोज कानात बोळे घालून कशीबशी पडते, आणि आठवड्यातून एकदा तरी सलग झोप मिळावी म्हणून इथे येते. "सुरुवातीला नावं येतात ना, तेवढी वाचते. मग लागतो डोळा."

"म्हणजे आजवर एकही..."

"एकही नाही. बाहेर आलं की समोर पहिली खुर्ची त्यांच्या दुकानातली दिसते. पाय दुखायचे, म्हणून बसले. मग ते आहेत म्हणून बसत गेले."

"आणि त्या दिवशी जे बोललात ते?"

तिने मान खाली घातली. "त्या दिवशी तेवढी झोप लागली नाही. सगळे खो खो हसत होते, आणि मी इथे बसून पाठ करत होते, त्यांना कसं विचारायचं ते."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मग दुसऱ्या दिवशी का नाही आलात, बाई?"

"पाव संपला की आम्हीही गिऱ्हाइकाला 'उद्या या' असंच सांगतो. मला कळलं काय ते. आता मी मागच्या जिन्याने जाते." मग जांभई दाबत म्हणाली, "माफ करा. काल रात्री काम फार होतं. मी पुढच्या खेळाचंही तिकीट काढणार आहे."

"काढा," मी म्हटलं. "आणि इथून हलू नका. झोपा खुशाल."

मी गालिच्यावरून अक्षरशः धावत दुकानात आले. भाऊजी एका गिऱ्हाइकाच्या उजव्या पायात बूट चढवत होते. मी धापा टाकत, त्या गिऱ्हाइकादेखत, सगळं सांगितलं. बेकरी, करवत, पर्सची उशी, आणि पाठ केलेला तो प्रश्न. "अहो, त्या बाईने एकही सिनेमा पाहिलेला नाही! बाहेरची पोस्टरं बघून तुम्हीच तिच्या तोंडावर वाचत बसलात सिनेमे!"

 भाऊजींनी शूहॉर्न माझ्या हातात ठेवलं, उठले आणि चालू लागले. ज्या दारातून माणसं फक्त बाहेर येतात, त्या दारातून ते आत गेले. तिकिटं फाडणाऱ्या म्हाताऱ्याने त्यांना अडवलं नाही.

ते गिऱ्हाईक मला म्हणालं, "आणि माझा डावा पाय?"

तो खेळ संपेपर्यंत दुकान मी सांभाळलं. दोन जोड विकले, त्यांतला एक बहुतेक चुकीच्या मापाचा. कुणालाही चक्कर मारायला पाठवलं नाही. माझं स्वतःचंच डोकं गरगरत होतं. नुसती त्या दाराकडे बघत होते. हे काही वेडंवाकडं बोलले तर? ती उठून निघून गेली तर? या माणसाला पुन्हा कुणी विचारणार नाही, आणि हा तर कुणाला विचारायचाच नाही.

पाखं उघडली. गार हवा आली, माणसं आली, ओसरली. मग भाऊजी आले. डोळे चोळत, खांबाला हात लावत, गालिच्यावर जपून पाऊल टाकत. येऊन सरळ गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले.

"विचारलंत?"

"त्या झोपल्या होत्या हो. उठवावंसं वाटेना. मग सिनेमाच बघत बसलो. सगळा." त्यांचा आवाज भरून आला. "ते जहाज बुडतं ना, वहिनी, तेव्हा त्याची बायको किनाऱ्यावर..."

"खड्ड्यात गेलं ते जहाज! विचारलंत का?"

"दिवे लागल्यावर उठवलं त्यांना. आणि विचारलं."

"सिनेमा बघून?"

"हो," ते म्हणाले, "सिनेमा बघूनच." आणि लहान मुलासारखे हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

ती दुकानाच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. गालावर पर्सच्या शिवणीचा वळ. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "आजवर मला तिकीट फाडणाऱ्याने उठवलं. यांना म्हटलं, आता तुम्ही उठवत जा."

मी तिथेच खोक्यांवर बसून रडले. दुकानात गिऱ्हाईक होतं, पण मी काही डोळे पुसले नाहीत.